मद्रास दिन: शहराची जन्मतारीख ठरते कशी?

आमच्या घरात वडिलांच्या दोन जन्मतारखा आहेत. शाळेच्या दाखल्यावर १ जून. आजी मात्र शेवटपर्यंत सांगायची, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालाय तो. बैलांच्या शिंगांचा रंगसुद्धा उडाला नव्हता." शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारलं, घरच्यांना तारीख सांगता येईना, मग मास्तरांनी १ जून टाकून दिला. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस असा १ जूनला येतो. पेन्शनपासून आधारकार्डापर्यंत सगळीकडे तीच तारीख लागते, म्हणून तिला खोटं म्हणता येत नाही. पण वडील त्या दिवशी जन्मले नव्हते, हेही तितकंच खरं.

दरवर्षी ऑगस्ट उजाडला की मला हे आठवतं, कारण २२ ऑगस्टला चेन्नईत 'मद्रास दिन' असतो. जुन्या पेठांतून फेऱ्या निघतात, व्याख्यानं होतात, छायाचित्रांची प्रदर्शनं लागतात. "आपलं शहर इतक्या वर्षांचं झालं" असे मथळे येतात आणि लगोलग वादही सुरू होतो. कुणी म्हणतं शहर दोन हजार वर्षांचं आहे, कुणी म्हणतं तारीखच चुकली आहे, कुणी विचारतं की इंग्रजांचा दिवस आपण का पाळायचा. वरवर पाहता हा तमिळ लोकांचा घरगुती वाद वाटेल. पण जुन्या शहराचं वय मोजायचं कसं, हा प्रश्न पुण्याला, पैठणला, नाशिकलाही लागू आहे. चेन्नईच्या निमित्ताने तो नीट उलगडून पाहू.

१६३९ मध्ये झालं काय?

इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला पूर्व किनाऱ्यावर वखार हवी होती. वखार म्हणजे माल विकत घेऊन साठवायची आणि जहाज आलं की भरून पाठवायची जागा. मछलीपट्टणम आणि आरमगाव इथे त्यांच्या वखारी होत्या, पण तिथे जम बसत नव्हता. कंपनीचा माणूस फ्रान्सिस डे दक्षिणेकडे जागा शोधत आला. त्याला हवं होतं कापड. पांढरं सुती आणि रंगवलेलं, छापलेलं कापड या भागात चांगलं आणि स्वस्त मिळत होतं. जागेला नैसर्गिक बंदर नव्हतं. जहाजं खोल पाण्यात उभी करायची आणि लाटांतून होडक्यांनी माल न्यायचा, इतकी ती गैरसोयीची. तरीही कापडासाठी त्याने ती पसंत केली.

हा मुलूख विजयनगरच्या शेवटच्या राजांच्या नावाने चालत होता. प्रत्यक्ष कारभार दामर्ला वेंकटाद्री नायक बघत होता. नायक म्हणजे राजाच्या वतीने एखादा प्रांत सांभाळणारा सरदार. त्याने इंग्रजांना मद्रासपट्टणम या गावाजवळ किल्ला बांधायची, व्यापार करायची आणि काही काळ तिथलं उत्पन्न घ्यायची परवानगी लिहून दिली. या कागदाची तारीख २२ ऑगस्ट १६३९ धरतात. आजचा मद्रास दिन तो हाच.

म्हणजे २२ ऑगस्टला कुणी वीट रचली नव्हती की कुणी राहायलाही आलं नव्हतं. फ्रान्सिस डे आणि त्याचा वरिष्ठ अँड्र्यू कोगन मोजक्या शिपायांसह मुक्कामाला आले ते २० फेब्रुवारी १६४० रोजी. किल्ल्याचा पहिला भाग उभा राहिला २३ एप्रिल १६४० ला. तो सेंट जॉर्जचा सण, म्हणून किल्ल्याचं नाव सेंट जॉर्ज. आज तमिळनाडूची विधानसभा आणि सचिवालय याच किल्ल्यात आहे. पुढे २९ सप्टेंबर १६८८ रोजी इथे नगरपालिका सुरू झाली, ती भारतातली सर्वांत जुनी. घराच्या भाषेत सांगायचं तर साठेखत, राहायला येणं, वास्तुशांत आणि घरपट्टीची पहिली पावती, या चारही तारखा वेगवेगळ्या आहेत. चेन्नईने वाढदिवसासाठी त्यातलं साठेखत निवडलं.

फेरफाराची तारीख हा शेताचा जन्म नव्हे

ज्याने तलाठी कार्यालयात खेटे घातले आहेत त्याला हे लगेच कळेल. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतो. जमीन कधी, कुणाकडून कुणाच्या नावावर झाली याची ती नोंद. त्या नोंदीवर तारीख असते, सही असते, शिक्का असतो. पण ते शेत फेरफाराच्या दिवशी तयार झालेलं नसतं. बांधावरची चिंच त्याच्या कितीतरी आधीची असते, विहीर आधीची असते, आधी कसणारे लोकही असतात.

२२ ऑगस्ट १६३९ हा चेन्नईचा फेरफार आहे. जागा एकाच्या हातातून दुसऱ्याकडे गेल्याची नोंद. कागद इंग्रजांनी जपला, त्याच्या नकला लंडनला गेल्या, म्हणून तारीख हाती राहिली. पहिल्या कोळ्याने त्या वाळूवर होडी ओढली तेव्हा ते टिपून ठेवायला तिथे कारकून नव्हता.

आणि या फेरफारातच एक गोष्ट उघड लिहिलेली आहे, ती म्हणजे जागेचं नाव. किल्ला 'मद्रासपट्टणम' इथे बांधायची परवानगी आहे. म्हणजे त्या नावाची वस्ती आधीपासून होती. आता तर याला दगडी पुरावाही मिळाला आहे. कृष्णगिरी जिल्ह्यात, समुद्रापासून पुष्कळ लांब, विजयनगरकाळातला एक शिलालेख २०१५ मध्ये उजेडात आला. साल १३६७. पूर्व किनाऱ्यावरच्या लहान बंदरांबरोबर त्यात 'मादरसनपट्टणम'चंही नाव कोरलेलं आहे. इंग्रज यायच्या तब्बल २७२ वर्षं आधी! मद्रास हे नाव इंग्रजांनी आणलं आणि चेन्नई हे तेवढं आपलं, असं सर्रास बोललं जातं. हा शिलालेख वाचल्यावर तसं म्हणायला जागा राहत नाही. १९९६ मध्ये अधिकृत झालेलं 'चेन्नई' हे नाव 'चेन्नापट्टणम'वरून आलं, आणि तो चेन्नाप्पा म्हणजे परवानगी देणाऱ्या वेंकटाद्रीचा बाप, असा एक प्रचलित अर्थ आहे. म्हणजे किल्ल्याभोवतीच्या नव्या वस्तीचं नाव चेन्नापट्टणम आणि शेजारच्या जुन्या गावाचं मद्रासपट्टणम.

त्यात दहा दिवसांचा घोळ

तारखेवरच दोन आक्षेप आहेत. पहिला महिन्याचा. जुन्या नोंदींत परवान्याची तारीख २२ जुलै अशी येते. मद्रासच्या जुन्या कागदपत्रांचा कसून अभ्यास करणाऱ्या हेन्री डेव्हिसन लव्ह यांनी त्यावर एक साधा मुद्दा मांडला. फ्रान्सिस डे त्या गावी पोचलाच २७ जुलैला, मग २२ जुलैला त्याच्या हाती कागद कसा पडेल? महिना लिहिण्यात चूक झाली असणार आणि खरी तारीख २२ ऑगस्ट. इतिहासकाराचं काम पुष्कळदा असं असतं. भारी सिद्धांत नाही, नुसता माणसाच्या प्रवासाचा हिशेब.

दुसरा आक्षेप पंचांगाचा, आणि तो आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. शिवजयंती तारखेने की तिथीने, हा वाद आपण दरवर्षी ऐकतो. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ या तिथीला १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख येते ती जुन्या ज्यूलियन कॅलेंडरप्रमाणे. आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरने तोच दिवस १ मार्च १६३० होतो. मद्रासचंही तसंच आहे.

ज्यूलियन कॅलेंडरमध्ये वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं धरत. खरं वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान असतं. रोज थोडं मागे पडणारं घड्याळ आपण आठवड्याने पुढे सरकवतो, तसं कुणी हे केलं नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांत एक दिवस, असं करत शेकडो वर्षांत फरक वाढत गेला. १५८२ मध्ये पोप ग्रेगरीने दहा दिवस वगळून हिशेब बसवला. पोर्तुगीजांनी तो ताबडतोब स्वीकारला. इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत जुनंच कॅलेंडर चालवलं.

याचा परिणाम मद्रासच्या किनाऱ्यावर मोठा मजेदार दिसतो. किल्ल्याच्या जागेपासून पाचेक किलोमीटरवर सॅन थोमे ही पोर्तुगीजांची वसाहत होती. इंग्रजांच्या वहीत २२ ऑगस्ट लिहिला जात होता तेव्हा सॅन थोमेतल्या वहीत १ सप्टेंबर होता. एकच वाळू, तीच लाट, तोच सूर्य आणि दोन तारखा. आजच्या कॅलेंडरने काटेकोर मोजायचं तर मद्रास दिन १ सप्टेंबरला यायला हवा.

इंग्रजांचं नवं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई, हे आणखी एक. त्यामुळे २० फेब्रुवारी १६४० हा दिवस त्यांच्या जुन्या हिशेबाने १६३९ सालातच पडतो. जुने कागद वाचताना इथे भलेभले फसतात.

मग चेन्नई खरं किती जुनं?

उत्तर तुम्ही कुठे उभे आहात यावर आहे. मैलापूरला, म्हणजे आज चेन्नईचाच भाग असलेल्या जुन्या गावात, उभे असाल तर इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलात या किनाऱ्यावरच्या एका बंदराचं नाव येतं, ते मैलापूरच मानलं जातं. सातव्या शतकातल्या शैव संत संबंदरांच्या पदांत मैलापूरचे सण-उत्सव महिनेवार वर्णिले आहेत. आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या सहाशे वर्षं आधी त्या गावात उत्सवांचं वर्ष बांधलेलं होतं! तिरुवल्लिकेणीला, म्हणजे ट्रिप्लिकेनला, पार्थसारथीच्या देवळात पल्लव राजा दंतिवर्मनच्या काळातला शिलालेख आहे. उत्तरेला तिरुवोट्रियूरच्या देवळात चोळांचे लेख आहेत. सॅन थोमेचे पोर्तुगीजसुद्धा इंग्रजांच्या शंभरेक वर्षं आधी आलेले.

पल्लावरम या चेन्नईच्या उपनगरात उभे असाल तर हिशेब आणखी मागे जातो. ३० मे १८६३ रोजी रॉबर्ट ब्रूस फूट नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाला तिथे मुरमाच्या खाणीत एक दगड दिसला. हातात मावेल एवढा, दोन्ही बाजूंनी छिलके काढून धार आणलेला. कुणी मुद्दाम घडवल्याशिवाय दगडाला तसा आकार येत नाही. ती अश्मयुगातली हातकुऱ्हाड होती आणि भारतातल्या प्रागैतिहासिक संशोधनाची सुरुवात त्या दगडापासून धरतात. चेन्नईपासून साठेक किलोमीटरवरच्या अत्तिरंपाक्कम इथे तर अशी हत्यारं पंधरा लाख वर्षांपूर्वीची असल्याचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसलं.

इथे मला हात आखडता घ्यावासा वाटतो. उत्साहाच्या भरात "आमचं शहर पंधरा लाख वर्षांचं" म्हणणारेही भेटतात. ते बरोबर नाही. माणसं येऊन जाणं वेगळं, टिकून राहणारी वस्ती वेगळी, आणि शहर त्याहून वेगळं. हातकुऱ्हाड घडवणारा माणूस शिकारीमागे पुढे निघून गेला. त्याच्यापासून मैलापूरपर्यंत सलग धागा जोडता येत नाही. मैलापूरपासून आजच्या चेन्नईपर्यंत मात्र येतो. तिथली वस्ती आणि देवाची पूजा सतत चालू राहिली आहे.

"पण तेव्हा ती खेडीच होती ना!"

हा आक्षेप वजनदार आहे. मैलापूर जुनं असेल, पण ते चेन्नई नव्हतं, वेगळं गाव होतं. ही सगळी गावं इंग्रजांच्या किल्ल्याने एकत्र आणली, म्हणून शहराचा जन्म १६३९, असं म्हणणारे अभ्यासकही आहेत.

यातला अर्धा भाग मला पटतो. इंग्रजांनी एकेक गाव पदरात पाडून घेतलं. ट्रिप्लिकेन १६७६ मध्ये, एग्मोर १६९३ मध्ये, मैलापूर आणि सॅन थोमे १७४९ मध्ये. मधे कापडासाठी नव्या पेठा वसवल्या. चिंतादरीपेट १७३४ मध्ये विणकरांसाठी वसलं. वॉशरमनपेट म्हणजे जिथे कोरं कापड धुऊन, उन्हात वाळवून पांढरं केलं जाई ती धोब्यांची वस्ती. किल्ला नसता तर ही गावं या पद्धतीने एकत्र आली नसती, हे मान्य करायला हवं.

पण मग जोडण्याची क्रिया १६३९ ला संपली असंही म्हणता येत नाही. मैलापूरच ११० वर्षांनी आलं. तिरुवोट्रियूर, चोळांच्या शिलालेखांचं गाव, महानगरपालिकेच्या हद्दीत आलं ते २०११ मध्ये. त्या वर्षी शहराचं क्षेत्र १७४ चौरस किलोमीटरवरून ४२६ झालं. हजार वर्षं जुनं देऊळ कालपरवा 'शहरात' आलं. पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली, त्या गावांतल्या माणसांना विचारा, तुमचं गाव तेव्हा जन्मलं का?

नदीचं उदाहरण घ्या. कृष्णेचा उगम महाबळेश्वरला दाखवतात, तिथे गोमुख आहे, लोक तीर्थ घेतात. पण सांगलीच्या पुलाखालून जाणाऱ्या पाण्यात वेण्णा आणि कोयनाही असतात. गोमुखाला नमस्कार जरूर करावा. सगळं पाणी तिथलंच आहे असं मात्र कुणी म्हणू नये.

कोलकात्यात हे कोर्टात गेलं

कोलकात्याचा 'वाढदिवस' २४ ऑगस्ट सांगितला जाई. १६९० मध्ये त्या दिवशी कंपनीचा जॉब चार्नॉक सुतानुटी गावी उतरला, म्हणून तो शहराचा संस्थापक, असं पाठ्यपुस्तकांतही होतं. ज्यांच्या जमीनदारीत ही गावं होती त्या सावर्ण रायचौधुरी घराण्याच्या वंशजांनी आणि इतरांनी कलकत्ता उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने इतिहासतज्ज्ञांची समिती नेमली. २००३ मध्ये निकाल आला: चार्नॉक हा संस्थापक नव्हे, २४ ऑगस्ट हा जन्मदिवस नव्हे, कोलकात्याला एक जन्मदिवसच नाही. सुतानुटी, गोविंदपूर आणि कालिकाता अशी गावं आधीच होती, आणि अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त, म्हणजे चार्नॉकच्या जवळपास शंभर वर्षं आधी, हे नाव महसुलाच्या यादीत आहे. तोच फेरफाराचा मुद्दा, फक्त निकालपत्राच्या भाषेत.

सगळ्याच शहरांचं असं नसतं. जयपूर सवाई जयसिंहांनी आखून वसवलं. १८ नोव्हेंबर १७२७ हा त्याचा स्थापना दिवस मानतात आणि त्याला अर्थ आहे, कारण आधी नकाशा झाला, मग रस्ते, मग माणसं. आखीव शहराला जन्मतारीख असते. वाढत गेलेल्या शहराला मागाहून लावावी लागते.

"मग इंग्रजांच्या वखारीचा दिवस आपण का पाळायचा?"

चेन्नईत हा प्रश्न कडवटपणे विचारला जातो आणि त्यात तथ्य आहे. परवानगी मागणाऱ्या डेचं नाव शाळकरी मुलालाही ठाऊक, आणि देणाऱ्या वेंकटाद्रीचं फारसं कुणाला नाही. दुभाषाचं काम करणारा आणि व्यापारी जमवणारा बेरी तिम्मप्पा तर त्याहून विसरलेला.

तरी मद्रास दिन बंद करावा असं मला वाटत नाही, कारण तो ज्या पद्धतीने चालतो ती मला फार आवडते. २००४ मध्ये इतिहासलेखक एस. मुथय्या आणि दोन पत्रकारांनी थोडक्या कार्यक्रमांवर तो सुरू केला. त्याला मध्यवर्ती समिती नाही, सरकारी मंडप नाही. ज्याला वाटेल त्याने आपल्या भागात फेरी काढावी, व्याख्यान ठेवावं. दिवसाचा आठवडा झाला आणि आता बरेच कार्यक्रम महिनाभर चालतात. आणि या फेऱ्या किल्ल्यापुरत्या राहिलेल्या नाहीत. लोक मैलापूरच्या तळ्याभोवती फिरतात, पल्लावरमची ती जागा शोधतात. कुणी जॉर्ज टाउनमधलं कालिकांबाळचं देऊळ दाखवतं, जिथे शिवाजी महाराज दर्शनाला आले होते असं तिथले लोक सांगतात. कर्नाटकच्या मोहिमेवर असताना १६७७ मध्ये महाराजांनी मद्रासच्या इंग्रजांकडून औषधं आणि विषावरचे उतारे मागवले होते, त्याची नोंद तर किल्ल्याच्या दप्तरातच आहे.

माझा आक्षेप आहे तो वयाच्या आकड्याला. २२ ऑगस्टला एकत्र जमायला काहीच हरकत नाही, पण फलकावर "शहराला अमुक वर्षं पूर्ण" असं लिहिलं की मैलापूरची हजार-दीड हजार वर्षं एका ओळीत पुसली जातात. त्याचे परिणाम साधे नाहीत. शहराचं वय किल्ल्यापासून मोजलं की जतनाचा पैसा आणि लक्ष किल्ल्याभोवतीच्या दगडी इमारतींकडे जातं, आणि उपनगरातलं जुनं तळं किंवा रस्त्याकडेला पडलेला वीरगळ रुंदीकरणात कधी गेला हे कळतही नाही.

पुण्याची तारीख काढायची झाली तर

हाच खेळ आपल्या अंगणात खेळून पाहा. १५ फेब्रुवारी १९५० ला पुणे महानगरपालिका झाली. १० जानेवारी १७३० ला शनिवारवाड्याची पायाभरणी झाली. त्याच्या शंभर वर्षं आधी आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणं जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला आणि नंतर जिजाऊ आणि बाल शिवाजी आल्यावर सोन्याच्या फाळाचा नांगर फिरला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. वाढदिवसासाठी भावनेने तोच दिवस निवडावा असं कुणालाही वाटेल. पण जाळायला गाव आधी असावं लागतं.

त्याहून मागे जायचं तर राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याचे ताम्रपट आहेत, इसवी सन ७५८ आणि ७६८ चे. ताम्रपट म्हणजे जमिनीचं दानपत्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून दिलेलं, कागदासारखं सडू नये म्हणून. त्यांत 'पुण्य विषय' आणि 'पूनक विषय' अशी नावं येतात. पुण्याचा हा सर्वांत जुना लेखी दाखला म्हणून दाखवतात, आणि कुणी मला तारीख निवडायला सांगितली तर मी यातलीच घेईन. फक्त एक शब्द नीट वाचून. 'विषय' म्हणजे त्या काळचा जिल्हा. दानपत्र कोरलं गेलं त्या दिवशी पुण्याच्या नावाने जिल्हा ओळखला जात होता.